फांदी नेमकी कुठं कापायची?

मे महिना सरत आला की कोल्हापूरजवळच्या उचगावात दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक वळवाच्या ढगांचा गडगडाट आणि दुसरा कटर मशीनची घरघर. मृग लागायच्या आत छपरावर आलेल्या, तारांना टेकलेल्या, रस्त्यावर ओणवलेल्या फांद्या उतरवून घ्यायची सगळ्यांनाच घाई झालेली असते. पूर्वी इथं मळे होते आणि मळ्यांच्या बांधावर चिंच, आंबा, लिंब, उंबर. मळ्यांचे प्लॉट पडले, घरं उठली, पण काही झाडं होती तिथंच राहिली. त्यामुळं आता चित्र असं दिसतं: एका अंगाला स्लॅब, दुसऱ्या अंगाला विजेची तार, खाली कुणाची तरी मोटारसायकल आणि मधोमध आजोबांच्या वयाची चिंच. तिची एक फांदी स्लॅबवर कलली आहे. काढा बघू!

खाली उभं राहून बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं? चढायचं, कापायचं, उतरायचं. तुम्हीही कधीतरी असे बघत उभे राहिला असाल. (लांबूनच ना?) आज आपण वर चढलेल्या त्या माणसाच्या बाजूनं बघू. कारण कापायला कुणालाही येतं. नेमकं कुठं कापायचं, हे मात्र फार थोड्यांना कळतं, आणि झाडाची पुढची पन्नास वर्षं त्यावरच ठरतात.

इंग्लंड-अमेरिकेत या माणसाला ट्री सर्जन म्हणतात, म्हणजे झाडांवर शस्त्रक्रिया करणारा. तिकडं त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं, परीक्षा असते. आपल्याकडं हे काम बहुतेक जण वडलांकडून, चुलत्याकडून किंवा वखारीत राबता राबता शिकतात. आणि एक गंमत ऐका. ज्या साखळीच्या करवतीला आपण कटर म्हणतो, तिची थोरली बहीण झाडासाठी बनलीच नव्हती. १८३०च्या सुमारास जर्मनीतल्या बर्नहार्ड हाइने यांनी हातानं फिरवायची साखळीकरवत तयार केली, ती चक्क माणसाची हाडं कापायला! लाकूड कापणारी यंत्रं नंतरची. जर्मनीच्याच आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळीकरवत काढली, आणि ती इतकी जड होती की धरायला दोन माणसं लागत. एकूण काय, सर्जनचं हत्यार झाडावर चढलं ते असं.

आता आपल्या चिंचेकडं या.

जाणता माणूस आल्या आल्या झाडावर चढत नाही. आधी तो झाडाभोवती फिरतो. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का बघतो, कारण बुंध्याला चिकटून वाढणारी कडक अळंबी दिसली की आत लाकूड कुजवणारी बुरशी बरीच आधीपासून कामाला लागलेली असते. मुळांच्या बाजूची माती उचलली गेली आहे का, खोडाला उभी चीर आहे का, कुठली फांदी वाळलेली आहे, तार किती लांब आहे, हे सगळं तो डोक्यात नोंदवून ठेवतो. मग खोडावर ठिकठिकाणी ठोकून कान देतो. भरीव लाकूड ‘टक्’ वाजतं, पोकळ लाकडाचा आवाज ढब्ब येतो. परदेशात यासाठी एक यंत्रही वापरतात. खोडाभोवती गोलाकार सेन्सर बसवायचे, एकावर हलकेच ठोकायचं आणि बाकीच्यांपर्यंत आवाज किती वेळात पोचला ते मोजायचं. निरोगी लाकडातून आवाज झपाट्यानं जातो. मध्ये पोकळी असली तर त्याला वळसा घालून जावं लागतं आणि उशीर होतो. त्या उशिरावरून कॉम्प्युटर खोडाच्या आतलं चित्र काढून देतो. ठोकून ऐकणारे आपले गडी हेच करतात, फक्त त्यांचा कॉम्प्युटर कानामागं असतो.

शेवटची पाहणी पाहुण्यांची. आग्या मोहोळ आहे का? लाल मुंग्यांची पानांची घरं आहेत का? कावळ्याचं घरटं? मे-जून हा कावळ्यांचा घरट्यांचा हंगाम, आणि छाटणीची घाईही नेमकी तेव्हाच. आग्या माश्या उठल्या तर वर अडकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. म्हणून मोहोळ दिसलं की शहाणा माणूस त्या दिवशी दोर गुंडाळून घरी जातो.

सगळं ठीक दिसलं, की दोर.

चढण्याचा दोर आणि फांदी उतरवण्याचा दोर वेगळा. चढण्याचा दोर जेमतेम तुमच्या अंगठ्याएवढा जाड असतो, पण एका माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट भार तो पेलतो. त्यावर एक मजेची गाठ मारतात. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियातल्या गिर्यारोहकानं ही गाठ १९३१ साली जगाला दाखवली. जाड दोरावर बारीक दोराचे वेढे द्यायचे. गाठीवर वजन आलं की ती आवळून बसते, वजन काढलं की हातानं वर सरकवता येते. म्हणजे हात सुटला तरी माणूस खाली येत नाही, जागच्या जागी लटकतो. सह्याद्रीत कडे चढणाऱ्या ताई-दादांना विचारा, त्यांनाही ही गाठ पाठ असते.

काही जण बुटाला लोखंडी काटे बांधून खोडात रोवत रोवत चढतात. चढायला ते सोपं जातं, पण प्रत्येक पावलागणिक झाडाला एक भोक पडतं. म्हणून चांगल्या ट्री सर्जनचा नियम असा: झाड पाडायचंच असेल तरच काटे, जगवायचं असेल तर दोर.

आता खरी करामत बघा. आपली फांदी समजा ३० सेंटिमीटर जाड आणि ३ मीटर लांब आहे. ओलं लाकूड जवळजवळ पाण्याइतकंच जड असतं. वही घ्या आणि गणित करा: वजन भरेल साधारण २०० किलो! ती आठ मीटर उंचीवरून सुटली तर खाली पोचताना तिचा वेग ताशी ४५ किलोमीटर असेल. स्लॅबचं काय होईल, मोटारसायकलचं काय होईल, ते सांगायला नकोच. म्हणून अशी फांदी टाकत नाहीत, उतरवतात. वरच्या एका भक्कम बेचक्यातून दोर ओवतात, त्याचं एक टोक फांदीला बांधतात आणि दुसरं खालच्या माणसाकडं येतं. आता हा खालचा एकटा माणूस २०० किलो पेलणार कसा?

तो पेलतच नाही! तो दोराचे दोन वेढे झाडाच्या बुंध्याला घालतो आणि उरलेलं टोक हातात धरून निवांत उभा राहतो. दोर आणि साल यांच्यातलं घर्षण बहुतेक सगळा भार खाऊन टाकतं. लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञानं अठराव्या शतकात याचं सूत्र मांडलं. त्या सूत्रात साधारण घर्षण धरलं, तर एका पूर्ण वेढ्यानं हातावरचा ताण सहा-सात पटींनी कमी होतो. दुसरा वेढा घातला की पुन्हा तितक्याच पटींनी. म्हणजे दोन वेढ्यांत चाळीस पटींहून जास्त! २०० किलोची फांदी आणि हातावर ताण पाचेक किलोचा. तिसरा वेढा घातला तर फांदी खाली यायलाच तयार होणार नाही, हवेतच लटकत राहील. वेढे किती घालायचे हे त्या गड्याला ऑयलरचं नावही न ऐकता कळतं, कारण सालीचा खडबडीतपणा त्याच्या तळहाताला ठाऊक असतो.

वरून आवाज येतो, “सोड... सोड... हळू सोड... आरं थांब की!” खालचा गडी दोर थोडा थोडा सैल करतो आणि फांदी अलगद स्लॅबच्या बाजूनं अंगणात येऊन टेकते. एक गोष्ट लक्षात ठेवा. तो माणूस दोर स्वतःच्या हाताला कधीच गुंडाळत नाही. फांदीनं हिसका दिला तर दोराबरोबर हातही जाईल. वेढे बुंध्याला घालायचे, हाताला कधी नाही.

कटरचंही सांगायला हवं. त्याच्या साखळीचा वेग सेकंदाला २० मीटर किंवा त्याहूनही जास्त असतो. ताशी हिशेब केला तर ७२ किलोमीटर. उचगावच्या पुलाखाली उभं राहून हायवेवरून जाणारा ट्रक बघा, साधारण त्या वेगानं दात पळत असतात, आणि तेही तुमच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. परदेशातले ट्री सर्जन यासाठी खास पँट घालतात. तिच्या आत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. चुकून साखळी पँटला लागली तर वरचं कापड फाटतं, आतले धागे ओढले जाऊन साखळीच्या चक्रात गुरफटतात आणि यंत्र क्षणात जाम होतं. पाय वाचतो. किती साधी, किती हुशार युक्ती! त्याशिवाय हेल्मेट, डोळ्यांपुढं जाळी, कानांवर मफ, कारण कटरचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि रोज तो ऐकणारा माणूस हळूहळू बहिरा होऊ लागतो. आपल्याकडं मात्र बहुतेक वेळा दिसतं ते डोक्याला बांधलेला टॉवेल, पायात स्लीपर आणि कमरेला दोर असला तर असला. या माणसांच्या धाडसाचं आपण फार कौतुक करतो. मला विचाराल तर कौतुक जरा कमी करावं आणि काम देणाऱ्यानं एक हेल्मेट विकत आणून द्यावं.

असो. आता आपण ज्या प्रश्नासाठी निघालो त्याच्याकडं येऊ. नेमकं कुठं कापायचं?

यासाठी ॲलेक्स शायगो या अमेरिकन शास्त्रज्ञाला भेटावं लागेल. हे गृहस्थ अमेरिकेच्या वनखात्यात होते. त्यांच्या आधीचे लोक झाड आडवं कापून वर्तुळं मोजायचे. शायगोंनी कटर घेतला आणि हजारो झाडं उभी चिरून बघितली. आणि त्यांना जे दिसलं, त्यानं झाडांच्या डॉक्टरकीचं पुस्तकच बदलून गेलं. तुमच्या गुडघ्याला खरचटलं तर काय होतं? खपली धरते, खाली नवी कातडी येते, जुन्या पेशी जाऊन नव्या बसतात. जखम बरी होते. झाडाची जखम अशी कधीच बरी होत नाही. झाड खराब झालेल्या पेशी काढून त्यांच्या जागी नव्या बसवू शकत नाही. मग ते काय करतं? घरात एका खोलीत आग लागली तर आपण दार ओढून घेतो, म्हणजे बाकीच्या खोल्या वाचाव्यात. झाड तेच करतं. जखमेच्या वर-खाली पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवून टाकतं, आतल्या आणि आजूबाजूच्या बाजूंना बुरशीला न मानवणारी रसायनं भरतं आणि बाहेरच्या बाजूनं नव्या लाकडाची पक्की भिंत घालतं. अशा चार भिंती शायगोंनी मोजल्या आणि १९७७ साली त्या जगापुढं मांडल्या. कुजका भाग आत कोंडला जातो, तो तिथंच राहतो आणि झाड त्याच्यावरून वाढत जातं. सुताराकडं जाल तेव्हा फळीतली गाठ बघा. ती गाठ म्हणजे खोडानं वाढता वाढता पोटात घेतलेल्या फांदीचं बूड.

मग फांदी कापणाऱ्यानं काय करायचं? झाडाची ती दारं शाबूत ठेवायची. ती असतात कुठं? आंब्याची किंवा चिंचेची फांदी जिथं खोडातून निघते तिथं नीट बघा. फांदीच्या मुळाशी एक फुगवटा दिसेल, आणि वरच्या बेचक्यात सालीची सुरकुतलेली घडी. या फुगवट्याला ट्री सर्जन कॉलर म्हणतात. कॉलर ही खोडाची असते, फांदीची नव्हे. आणि बुरशीला अडवायची सगळी तयारी याच कॉलरच्या आत झालेली असते. म्हणून काप घ्यायचा तो कॉलरच्या अगदी बाहेर, तिला न दुखावता.

आपल्याकडं दोन चुका सर्रास होतात. एक, फांदी खोडाला घासून, अगदी गुळगुळीत कापायची. दिसायला फार नेटकं दिसतं! पण त्यात कॉलर कापली जाते, जखम नको तेवढी मोठी होते आणि बुरशीला थेट खोडात शिरायची वाट मिळते. दुसरी चूक म्हणजे हातभर खुंट सोडून द्यायचा. त्या खुंटाला पानं नसतात, अन्न मिळत नाही, तो वाळतो आणि कुजतो. आणि झाडाला त्याच्यावरून झाकण घालता येत नाही, कारण तो मध्येच उभा.

जड फांदी एका दमात वरून कापली तर तिसरीच आफत येते. अर्धी कापली गेल्यावर फांदी स्वतःच्या वजनानं मोडते आणि पडता पडता खालची साल फर्रकन सोलत खोडावरून खाली नेते. म्हणून जाणते लोक तीन काप घेतात. पहिला खोडापासून फूटभर लांब, खालच्या बाजूनं, फांदीच्या पाव-तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढं, वरून. आता फांदी पडली तरी साल पहिल्या कापापाशी तुटते, पुढं सोलत नाही. उरलेल्या हलक्या खुंटाला तिसरा काप, कॉलरच्या लगत बाहेर. आडमुठ्या फांदीला फसवायची ही युक्ती बघायला फार मजा येते.

कापल्यावर वर काय लावायचं? कुणी डांबर फासतं, कुणी ऑइल पेंट, कुणी शेणमाती. शायगोंच्या प्रयोगांत असल्या लेपांनी कूज थांबल्याचं दिसलं नाही. उलट काही लेपांखाली ओल कोंडून बुरशीची चैनच झाली. आंब्याच्या बागांची गोष्ट जरा वेगळी. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ जुन्या आंब्यांची भारी छाटणी करायला शिकवतं, तेव्हा कापांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा निळा लेप, लावायला सांगतं. धो धो पावसाच्या मुलखात बुरशीचा पहिला हल्ला त्यानं परतवता येतो. पण चुकीच्या जागी घेतलेला काप कुठलाच लेप दुरुस्त करत नाही, हे दोघांनाही मान्य होईल.

आता मला न आवडणारी गोष्ट सांगतो. झाडाचा शेंडाच उडवून त्याला बोडकं करणं. “एकदाच काय ते छाटून टाका, पुन्हा कटकट नको,” असं घरमालक म्हणतात. पण होतं उलटंच. झाड घाबरून ढीगभर नव्या फांद्या फोडतं. त्या सालीच्या जवळून, वरवर फुटलेल्या असतात, लाकडात खोल रुजलेल्या नसतात. दोन-तीन वर्षांत त्या वाढून जड होतात आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्यात मोडून पडतात. म्हणजे कटकट दुप्पट! एका वेळी झाडाच्या पाव हिश्शाहून जास्त पानोळा काढू नये, असा ढोबळ नियम आहे. पानं हे झाडाचं स्वयंपाकघर, ते बंद केल्यावर भिंती बांधायला ताकद कुठून आणणार? तारांखालच्या झाडांची तर वेगळीच रड. दरवर्षी तारेकडची बाजू तेवढी कापतात, मग झाड दुसऱ्या बाजूला कलतं, आणि ते पडलं की आपण म्हणतो, झाडच कमकुवत होतं!

आंब्यावर चढलेल्या माणसाला आणखी एक पाहुणा भेटतो, बांडगूळ. त्याची चाल ऐकण्याजोगी आहे. फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी बांडगुळाचं फळ खातो. आतली बी इतकी चिकट की त्याच्या अंगाची सुटता सुटत नाही. मग तो बूड फांदीला घासतो, बी तिथं चिकटते आणि रुजते. तिची मुळं सालीतून थेट आंब्याच्या लाकडात घुसतात आणि पाणी ओढायला लागतात. बांडगुळाला हिरवी पानं असतात, अन्न ते स्वतः बनवतं, पण पाणी मात्र चोरीचं. वरवर तोडलं तर ते पुन्हा फुटतं, कारण मुळं आत राहतात. म्हणून जिथं ते घुसलं आहे त्याच्याही मागून फांदी काढावी लागते. वेळेत काढली तर फांदी बोटाएवढी, कंटाळा केला तर मांडीएवढी.

ढोली असलेल्या झाडाचं काय करायचं, यावरून तर शंभर वर्षं वाद झाले. जॉन डेव्ही नावाचा इंग्लंडमध्ये जन्मलेला माळी अमेरिकेत गेला आणि १९०१ साली त्यानं झाडांच्या डॉक्टरकीवर पुस्तक लिहिलं. त्या काळात ढोली खरवडून सिमेंट भरायची मोठी फॅशन होती, दातात चांदी भरावी तशी. आता कुणी तज्ज्ञ ते करत नाही. झाड वाऱ्यावर डोलतं, सिमेंट डोलत नाही. मग दोन्हींमध्ये फट पडते, पाणी साठतं आणि कूज वाढते. शिवाय खरवडताना झाडानं मेहनतीनं घातलेली भिंतच फुटते! आणि गंमत म्हणजे पोकळ झाड कमजोरच असतं असं नाही. जर्मनीच्या क्लाउस माटेक यांनी पडलेली आणि उभी अशी पुष्कळ झाडं मोजून ढोबळ हिशेब काढला: भोवतालची निरोगी भिंत खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असली तरी झाड तग धरतं. तेव्हा ढोली दिसली की लगेच करवत काढायची नाही. आत पिंगळ्याची जोडी राहत असेल, तर त्यांना विचारा, ती म्हणतील घर उत्तम आहे.

भारतात झाडांवरच्या काही शस्त्रक्रिया तर इतिहासात नोंदवण्याजोग्या आहेत. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानात अडीचशे वर्षांहून जुना वड आहे. १८६४ आणि १८६७च्या चक्रीवादळांत तो जखमी झाला आणि मूळ खोडाला बुरशी लागली. शेवटी १९२५ साली ते मुख्य खोडच कापून काढलं. आणि वड? आजही जिवंत आहे, हजारो पारंब्यांवर उभा, साडेचार एकरांहून जास्त जागेवर पसरलेला! तेलंगणात महबूबनगरजवळ पिल्ललमर्री नावाचा असाच अवाढव्य वड आहे. त्याला वाळवीनं पोखरलं, तेव्हा २०१८ साली खोडाला बारीक भोकं पाडून सलाइनच्या बाटल्या लावल्या आणि थेंब थेंब औषध आत सोडलं. बोधगयेच्या बोधिवृक्षाची तपासणी देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ करतात आणि त्याच्या जड फांद्यांना लोखंडी टेकू दिलेले आहेत. ही कल्पना काही आजची नाही बरं का. सुरपाल नावाच्या विद्वानानं सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘वृक्षायुर्वेद’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात झाडांनाही वात, पित्त, कफाचे विकार होतात असं मानून त्यांवर उपचार सांगितले आहेत. सगळे उपचार आजच्या कसोटीला उतरतील असं नाही, पण झाड आजारी पडतं आणि त्याला वैद्य लागतो, हे त्या माणसाला पटलं होतं.

आपल्या शेजारची गोष्ट सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. लोकांनी आवाज उठवला आणि २०२० साली रस्त्याची आखणी थोडी सरकवून झाड वाचवलं. केवढा आनंद झाला होता सगळ्यांना! दोन वर्षांत, २०२२च्या पावसाळ्यात, तो वड कोसळला. इतक्या जुन्या झाडाला कापायचं नाही असं ठरवून भागत नाही, त्याची दरवर्षी तपासणी व्हायला हवी. तुमच्या आजोबांची होते तशी.

उचगावात झाड कापायचं म्हटलं तर विचारायचं कुणाला? इथं भलतीच मजा आहे. खेडेगावातल्या झाडांना १९६४चा वृक्षतोडीचा कायदा लागू होतो. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग अशी झाडं आहेत आणि ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहराच्या हद्दीत १९७५चा वेगळा कायदा आहे, तिथं महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडं अर्ज करायचा. आसपासची गावं शहरात घ्यायची की नाही, हा कोल्हापूरच्या हद्दवाढीचा वाद तुम्ही घरी ऐकलाच असेल. चिंचेला त्यातलं काही कळत नाही, पण हद्दीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या चिंचेचे कागद वेगवेगळ्या कचेरीत जातात, एवढं खरं.

कायद्यापेक्षाही मोठी अडचण व्यवहाराची आहे, आणि तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. पुष्कळदा घरमालक छाटणीचे पैसे देत नाही. “लाकूड न्या आणि फांदी काढा,” असा सौदा होतो. आता तुम्हीच विचार करा. ज्याची मजुरी लाकडात आहे, तो बारीक वाळक्या फांद्या काढेल की जाड, निरोगी फांदीवर करवत चालवेल? त्यात त्याचा दोष नाही, पोट त्यालाही आहे. दोष त्या सौद्याचा. डॉक्टरला फी न देता “कापलेला भाग घेऊन जा” असं कुणी म्हणतं का?

आता तुमचं काम. या सुट्टीत शाळेच्या वाटेवरची झाडं बघा आणि फांद्या कापल्याच्या जुन्या खुणा शोधा. खुणेभोवती सगळीकडून सारखी जाड, गोल कड वाढून आत येत असेल तर समजा की काप बरोबर जागी होता. कड फक्त दोन बाजूंनी आली असेल, वर-खाली नसेल, तर खोडाला घासून कापलं होतं. वाळका खुंट दिसला तर कुणीतरी आळस केला. वहीत चित्रं काढा, खाली झाडाचं नाव आणि जागा लिहा. झाडात खिळे, तारा, बोर्ड ठोकलेले दिसले तर तेही लिहा. खिळ्यांनी झाडाला जखम होते, आणि उद्या त्या जागी कटर चालला तर साखळी तुटून माणसाच्या अंगावर येऊ शकते. पुण्यातल्या ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेच्या मुला-मुलींनी झाडांतले असे खिळे काढायची मोहीमच चालवली. तुमच्या वर्गालाही मोठ्यांना बरोबर घेऊन ती करता येईल.

आणि एक गोष्ट अगदी पक्की ध्यानात ठेवा. वादळात तारेवर पडलेल्या फांदीला हात लावायचा नाही, काठीनंही ढकलायचं नाही. ओल्या लाकडातून वीज वाहते. लांब उभं राहा, इतरांना थांबवा आणि मोठ्यांना सांगून १९१२ या नंबरवर फोन करा.